चौथं प्रकरण

धालो दिवसाचे म्हणत नाहीत, द्वारकीबाय म्हणाली होती,
आणि तरीही गायली,
कारण मांडावरच्या माझ्या रात्रीच्या कॅसेटमध्ये
नुसती पावलं होती, बांगड्या,
आणि कुणाचं तरी रडणारं पोर.
दुपारचे तीन. सोप्यावर वाळत घातलेल्या सुपाऱ्या.
मी तेव्हा साखळीच्या कॉलेजात तासावर शिकवायची,
तासाला साठ रुपये, सुट्टीचे शून्य,
टेपरेकॉर्डर बहिणीच्या नवऱ्याचा.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली, मान वळवली
आणि वेगळ्याच, वरच्या स्वरात म्हणाली,
गे शिरये.
सातव्या ओळीनंतर पुन्हा.
गे शिरये.

दोनदा आलं की ते पालुपद, असं मला शिकवलेलं.
पाच वर्षं त्या शब्दामागे फिरले.
कोश पाहिले, देवस्थानांच्या वह्या पाहिल्या,
वारुळाला फुलं वाहणाऱ्या गावांत जाऊन विचारलं;
लोक थोडा विचार करायचे आणि 'आसतलें' म्हणायचे.
श्री अधिक आई.
किंवा शिर, म्हणजे पाण्याची धार.
शेवटी लिहिलं: सातेरीच्याही आधीची, झऱ्याजवळची एखादी देवी,
जिचं देऊळ उरलं नाही, फक्त हाक उरली.
'फक्त हाक उरली' याखाली
सरांनी लाल पेनानं 'सुंदर' असं लिहिलं.
बेचाळीस पानं झाली.

ते धारवाडला वाचलं, कोल्हापूरला वाचलं.
चहाच्या वेळी एक वयस्क बाई माझा हात धरून रडल्या.
त्याचे गुण मिळाले, गुणांवर करार,
करारावर, एकेचाळिसाव्या वर्षी, कायमची नोकरी.
मधे खाणी बंद पडल्या, वर्गात मुलं वाढली;
बापांचे टिपर दारात गंजत होते
आणि बी.ए. स्वस्त होतं.
सकाळी आठला मी त्यांना उत्प्रेक्षा शिकवायची.
मिस, ह्याचं पुढे काय करायचं, एकानं विचारलं.
मी फळा पुसला. तो आधीच कोरा होता.

यंदा वर्गात ती दुपार लावली; आता ती पेन ड्राइव्हवर असते.
गे शिरये, म्हणाली द्वारकीबाय,
आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
दीक्षिता गावस. सहा महिन्यांत तिचा आवाज ऐकला नव्हता.
"मिस, ती म्हजी आजी."
मग उभी राहून, नीट मराठीत:
"आणि शिरी आमची बोकडी. वालीच्या वेलाला लागायची."

वर्ग हसला.
मीही हसले, वर्गाच्या जरा मागून.

पुढच्या महिन्यात बढतीची मुलाखत आहे.
फायलीत चौथ्या प्रकरणाला पिवळी चिठ्ठी लावलेली.
दोन रात्री शुद्धिपत्र लिहून पाहिलं:
पृष्ठ एकशे सत्त्याऐंशी, 'देवी'च्या जागी वाचावे
आणि तिथेच पेन थांबायचं,
शेळी लिहू की बोकडी, यावर.

रविवारी गेले. द्वारकीबाय जाऊन आठ वर्षं झालेली.
तिच्या सुनेनं कोरा चहा दिला,
आवाज ऐकवला तर हात पदराला पुसत उभी राहिली,
म्हणाली, खोकली नाही कुठे, तेव्हा बरी होती.
परसात एक काळी बोकडी बांधलेली.
हिचं नाव काय, मी विचारलं.
"शिरी."
ती तर कधीच मेली असेल ना?
"मेली. पूण आमगेर सगळ्यांक शिरीच म्हण्टात.
सासूमांयच्या सासूच्या वेळार सावन."
का?
"कोण जाणा. पयलींसून म्हण्टात."

माझा हात पर्समधल्या पेनाकडे गेला.
गे शिरये, मी हळूच म्हणून पाहिलं.
बोकडीनं मान वर केली,
माझ्याकडे, की माझ्या पाठीमागच्या वेलाकडे,
ते कळलं नाही.